मूळचा मुलचेऱ्याचा

निरापद, तू कलकत्त्याचा आहेस हे मी ठरवलं. तू नाही. तुझ्या आईवडिलांनीही कलकत्ता कधी पाहिलं नव्हतं. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पटांगणात, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात, नवा रेशमी झब्बा घालून मी माइकवर म्हणालो, "आणि मेंडोलिनच्या साथीला, खास कलकत्त्याहून आलेले निरापददा!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला गोडी लागली आणि ते वाक्य मी पुढे कधी बदललं नाही. याला चूक म्हणावं का, तेही कळत नाही. चूक एकदा होते. मी हे दर कार्यक्रमाला करत होतो.

तू जाऊन अजून महिनाही झाला नाही. पेपरात तुझी दोन इंचांची बातमी आली, त्यातही "मूळचे कोलकात्याचे" असं छापलंय. ती बातमी मी दिली नव्हती. आता माझी गरजच उरलेली नाही, इतकं ते पक्कं झालंय.

त्या पहाटेचं तुला आठवत असणार. तू असली गोष्ट विसरणारा नव्हतास. पडद्यामागे मी हातात कागद घेऊन सगळ्यांची ओळख लिहून घेत होतो. तुला विचारलं, "मूळचे कुठले सांगू?"

"मुलचेरा."

"अरे, मूळचे कळलं रे. पण कुठले?"

"मुलचेरा. गाव आहे बे माझं."

आपल्या गायिका खुदकन हसल्या. एकीने विचारलं, "म्हणजे मूळचे मूळचेच?" मग गडचिरोलीचं नाव निघालं. मग तबलेवाल्याने तुझं आडनाव विचारलं आणि म्हणाला, "मंडल? मानाचं का?"

"नाही," तू म्हणालास. "बिनमानाचं."

सगळे हसले. तूही हसलास. तेव्हा मला वाटलं, चला, मुलगा आपल्यात रुळला.

त्या वर्षी आरक्षणाच्या मंडल आयोगामुळे मंडल हा शब्द पेपरात रोज असायचा आणि सोसायटीच्या पहिल्या रांगेत त्यावर काय बोललं जातं ते मला माहीत होतं. म्हणून आडनाव गाळलं. मुलचेरा म्हटलं तर लोक हसतील, गडचिरोली म्हटलं तर दचकतील. आमच्या पुण्यात वाजवणाऱ्याच्या बोटांकडे लक्ष जाण्याआधी त्याचं गाव विचारलं जातं. तू बंगाली होतास. बंगाली म्हणजे कलकत्ता. मी कागदावर लिहिलं आणि तुला दाखवलंही नाही.

दोन-चार कार्यक्रम झाल्यावर तू म्हणालास, "विन्या, ते कलकत्ता काढ ना आता."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी."

पण नुसतं गाव खोटं सांगून भागत नव्हतं. तू बोलायला लागलास की गाव उघडं पडायचं. "मी ट्यून करून राहिलो," असं तू एकदा स्टेजवर म्हणालास आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वर केली. मध्यंतरात मी तुला बाजूला घेतलं. "तू ना, स्टेजवर बोलत जाऊ नकोस. नुसतं हस." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "हसायला परवानगी आहे ना पण?" तेव्हापासून तू स्टेजवर मुका झालास. पहिल्या इयत्तेपासून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस तू. तुझ्या नमस्काराला उत्तर देताना बायका म्हणायच्या, "अय्या, मराठी समजतं वाटतं यांना!" आणि मी शेजारी उभा राहून म्हणायचो, "थोडं थोडं."

घरात फक्त माझ्या वडिलांनी तुला ओळखलं होतं. ते तुला "अहो कलकत्ता" म्हणून हाक मारायचे. "अहो कलकत्ता, चहा घेणार का?" तू घरी परतल्यावर एकदा मला म्हणाले, "चिरंजीव, तुमचे पाहुणे 'येऊन राहिलो' म्हणतात. हुगळी हल्ली विदर्भातून वाहते वाटतं." पुढे ते आजारी पडले तेव्हा रोज दुपारी येऊन त्यांना पेपर वाचून दाखवणारा तूच होतास. माझं ऑफिस होतं. तुझ्या तोंडून अग्रलेख ऐकताना त्यांचा चेहरा कसा निवायचा ते मी एकदाच, अर्ध्या रजेवर घरी आलो तेव्हा, दारातून पाहिलं. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मित्रांचे आभार मानायचे नसतात, असलं काहीतरी सोयीचं मी धरून चाललो होतो.

तुझं लहानपण मला टेकडीवर कळलं. रविवारी सकाळी आपण कोथरूडच्या मागची टेकडी चढायचो. गिरिपुष्पाच्या झाडांकडे बघून मी कौतुकाने म्हणालो, "शहरात असं जंगल कुठे मिळतं?" तू थांबलास, चहूकडे बघितलंस आणि म्हणालास, "कुठे आहे?" मग तू सांगायला लागलास. एका दमात कधीच नाही. चालता चालता एखादा तुकडा, मग दोन रविवार काही नाही.

तू आईच्या कुशीत असताना सीमा ओलांडलीस. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, होडीने, मग पायी. तुझं नाव वाटेतच ठेवलं गेलं. आपदा टळली म्हणून निरापद. ती टळली नव्हती. रायपूरजवळच्या छावणीत, जुन्या धावपट्टीवरच्या तंबूंमध्ये, तुझा थोरला भाऊ हगवणीने गेला. आईने त्याचं नाव पुन्हा उच्चारलं नाही, म्हणून तुलाही ते माहीत नव्हतं. "मला भाऊ होता, पण हाक कशी मारायची ते माहीत नाही," असं तू म्हणालास, आणि पुढच्याच वाक्यात मला विचारलंस की खाली उतरल्यावर मिसळ खायची का. मी हो म्हणालो.

छावणीतून ट्रकमध्ये घालून तुम्हाला तेव्हाच्या चांदा, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलात आणून सोडलं. जमीन दिली, तिच्यात झाडांचे बुंधे तसेच होते. पत्रे दिले. एक बैलजोडी दिली. तुझे बाबा नावाडी. जन्मभर पाण्यावर राहिलेला माणूस. "माझ्या बाबांना वल्हं धरता येत होतं, आणि हातात दिला नांगर," हे सांगताना तू हसायचास, पण ते हसणं मला आवडायचं नाही. पहिल्या पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं तेव्हा ते दिवसभर काठावर बसून राहिले. घरी बोलवायला गेलेल्या आईला म्हणाले, एवढंसं पाणी आहे गं, याच्यावर काय करू.

आणि मग त्यांनी दोतारा केला, तुमच्याकडचं तारांचं वाद्य. सीमेपलीकडून आणलेला जुना दोतारा वाटेत कुठेतरी राहिला होता. फणसाचं लाकूड तिथे मिळेना, म्हणून शिवणीचं लाकूड कोरलं. वर बकरीचं कातडं ताणलं. तारा सायकलच्या ब्रेकच्या केबलमधून उसवून काढल्या. मानेच्या टोकाला पक्षी कोरायची पद्धत. पक्षी जमला नाही, तो बदकासारखा झाला. "आमच्या घरी बदक वाजवतात," असं तू शाळेत सांगितलंस आणि गुरुजींनी ते बघायला म्हणून पहिल्यांदा वस्तीत पाऊल टाकलं. वस्तीला अजून नाव नव्हतं, पत्त्यात जवळचं मुलचेरा लिहायचं. आजूबाजूच्या गावांतले लोक नुसतं कॅम्प म्हणायचे आणि तुम्हाला रिफुजी.

त्या शाळेत निम्मी मुलं तुमच्या कॅम्पची आणि निम्मी गोंडांची. कुणाच्याच घरी मराठी नव्हती. गुरुजी भंडाऱ्याकडचे. ते म्हणायचे, "येथे मराठी फक्त मलेच येते, अन् मलेही पुरी येत नाही." तरी त्यांनी तुम्हाला ती शिकवली. तू कविता म्हणायचास, त्यांतल्या काही मला शाळेत असूनही पाठ नव्हत्या. ळ तुझ्या जिभेला लागत नव्हता. गुरुजींनी तुला महिनाभर रोज सकाळी फळ्यासमोर उभं केलं आणि "फळा काळा" म्हणायला लावलं. तो तुझा ळ इतका स्वच्छ झाला होता निरापद, की पुढे पुण्यात लपवायला तोच जड गेला.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. बाबांनी तुला दोतारा शिकवला, पण मराठी गाणं तू शिकलास ते झाडीपट्टीच्या नाटकांत. भात कापून झाला की तिकडे गावोगाव नाटकं होतात. वडशाकडची एक नाटक मंडळी तुमच्या बाजूला आली असताना त्यांचा मेंडोलिनवाला आजारी पडला. तू दोतारा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलास. मिसरूडही फुटलं नव्हतं. ऑर्गनवाल्या मास्तरांनी विचारलं, "हे काय आणलंस, बदक?" मग ऐकलं आणि तुला ठेवून घेतलं. नाट्यपदातली जागा कशी घ्यायची, गाणारा थकला की त्याला नकळत कसं सावरायचं, सगळं तू तिथे शिकलास, भाताच्या खाचरात उभारलेल्या मंडपात. एका हंगामात पुण्याहून तिकडे गेलेल्या नटाने तुला सांगितलं की पुण्याला ये, तिथे कदर आहे. तू आलास.

आणि कदर अशी झाली की आमचे श्रोते माझ्याकडे येऊन म्हणायचे, "कमाल आहे हो, कलकत्त्याचा माणूस असून नाट्यपदाच्या जागा किती अचूक घेतो!" मी सांगायचो, "कलकत्त्याला मोठ्या गुरूंकडे शिकलेत." मास्तरांचं नाव तू मला सांगितलं होतंस. मी ते एकदाही घेतलं नाही. झाडीपट्टीचं नाव घेतलं तर लोक तुझं वाजवणं दुसऱ्या कानांनी ऐकतील, असं मी स्वतःला समजावत होतो. हे खोटंही नव्हतं. ऐकलंच असतं त्यांनी तसं. पण ते कान बदलण्यासाठी मी काय केलं? त्यांना हवं ते त्यांच्यात ओतत राहिलो आणि निवेदक म्हणून नाव कमावलं.

मग तो मोठ्या नाट्यगृहातला कार्यक्रम. तुझे बाबा वारल्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते आणि तू तिकडून दोतारा घेऊन आला होतास, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून. मला काही न सांगता तो स्टेजवर आणलास. तुझी पाळी आली तेव्हा माइक पुढे ओढलास.

"नमस्कार. माझं नाव निरापद मंडल. मी मूळचा मुलचेऱ्याचा. हा दोतारा माझ्या बाबांनी…"

कुणीतरी हसलं. तू थबकलास. तेवढ्यात मी माझा माइक उचलला आणि म्हणालो, "बघा! मूळचा मूळचेऱ्याचा! पुण्याचं पाणी लागलं, दादा मराठीत कोट्या करायला लागले!" नाट्यगृह खदखदून हसलं. मी आजवर केलेल्या निवेदनात त्या वाक्याला मिळाला तेवढा हशा दुसऱ्या कशालाच मिळाला नाही.

तू दोतारा खाली ठेवलास. मेंडोलिन घेतलंस. आणि चांगलं वाजवलंस. वाईट वाजवलं असतंस, उठून गेला असतास, तर बरं झालं असतं. तू थकलेल्या गायिकेला त्या दिवशीही नेहमीसारखं सावरून घेतलंस.

पार्किंगमध्ये मी स्कूटर काढत होतो तेव्हा तू आलास.

"विन्या, मी कोटी नव्हती केली."

"माहीत आहे रे. लोक हसायला लागले होते. मी प्रसंग निभावला."

"कोणाचा?"

मी किक मारली. तो आपला वाद तिथेच राहिला. त्यानंतर टेकडी बंद झाली. तू आमच्या कार्यक्रमांत वाजवत राहिलास, पण पाहुण्यासारखा. हळूहळू तेही थांबलं. तू वाघोलीला राहायला गेलास आणि मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागलास.

तिथे आता खरे कलकत्त्याचे लोक राहतात, आयटीवाले. दुर्गापूजेच्या वर्गणीला आलेल्या बाईंनी तुला बंगालीत विचारलं की कलकत्त्यात घर कुठे. तू आईकडून शिकलेल्या बंगालीत दोन वाक्यं बोललास आणि त्या म्हणाल्या, "ओ, बाङाल!" म्हणजे पलीकडचे, निर्वासित. त्यांनी प्रेमाने म्हटलं असेलही. हे तू मला फोनवर सांगितलंस आणि म्हणालास, "मराठी लोकांत मी बंगाली, बंगाली लोकांत मी कॅम्पवाला. तुझ्या कलकत्त्याने मला कुठेच उतरू दिलं नाही बे." मी हसण्यावारी नेलं. तू हसला नव्हतास.

आणि मग गेल्या वर्षीचा तो फोन. तुझ्या सोसायटीत फतवा निघाला की बांगलादेशी शोधायचेत, बंगाली बोलणाऱ्यांनी ऑफिसात येऊन कागद दाखवावेत. तू गेलास. तुझे सगळे कागद गडचिरोलीचे. शाळेचा दाखला मराठी शाळेचा. सेक्रेटरी तुझ्याच एका विद्यार्थिनीचा बाप. तो अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही तर कलकत्त्याचे. आमच्याकडे तुमच्या कार्यक्रमाचं पोस्टर आहे. मग हे गडचिरोली काय? दोनातलं एक खोटं आहे ना?"

"तू ये," तू मला म्हणालास. "एकदा येऊन त्यांना सांग की खोटं कुठलं."

"अरे, आधार दाखवलंस ना? मग संपलं. त्याच्यापुढे माझं काय ऐकणार आहेत ते?"

"ते तुझंच ऐकून राहिले इतकी वर्षं."

"निऱ्या, कोथरूडहून वाघोली म्हणजे काय आहे माहीत आहे ना? नगर रोडचं ट्रॅफिक बघितलंस?"

मागे कुठलं तरी पोर सरगम वाजवत होतं, चुकत होतं.

"कलकत्त्याहून पुण्याला मला एका वाक्यात आणलंस," तू म्हणालास. "वाघोली लांब पडते."

आपण बोललेलं ते शेवटचं. तुला फोन करायचा असं मी बऱ्याचदा ठरवलं. तू आजारी नव्हतास, वय जाण्याचं नव्हतं. वाटलं, वेळ आहे. एका सकाळी शिकवणी घेता घेता तू भिंतीला टेकलास आणि मुलांना वाटलं, सर डोळे मिटून ऐकतायत. त्यांतल्याच एकाच्या आईने मला फोन केला. त्या दिवशी मी वाघोलीला पोचलो. ट्रॅफिक होतं. पोचता येतं, निरापद.

परवा तुझी शोकसभा झाली, कोथरूडच्या त्याच दिवाळी पहाटेच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. निवेदन अर्थातच माझ्याकडे. व्यासपीठावर तुझा फोटो, खाली "कोलकात्याचे सुपुत्र". तुझी बहीण सरला पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर साडीत गुंडाळलेला दोतारा घेऊन. आयोजक बाई तिच्यापाशी जाऊन आपुलकीने म्हणाल्या, "आप कोलकाता से आयी हैं? सफर कैसा रहा?"

"नाही जी, मी मुलचेऱ्याहून आली," सरला म्हणाली. "नागपूरवरी यष्टीनं, मंग रेल्वेनं."

"अय्या! किती छान मराठी बोलता हो तुम्ही!"

सरलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शाळाच मराठी होती ना जी. दुसरी कायची बोलीन?" आणि मला म्हणाली, "तुमीच विनयभाऊ ना? दादा सांगे, विनयभाऊ बोलाले उभा रायला का लोकं गप बसून ऐकतेत."

तू तिच्याजवळ एवढंच सांगितलं होतंस. बाकीचं काहीच सांगितलं नव्हतंस. तू सांगितलं असतंस तर मला तिच्यासमोर उभं राहणं सोपं गेलं असतं.

मी माइक घेतला. आधी लिहून आणलेलं बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "निरापद मंडल मूळचे मुलचेऱ्याचे."

मागे एक-दोघे हसले. त्यांचा दोष नाही, ती सवय मीच लावली होती. मी थांबलो. हसणं संपेपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "ही कोटी नाही. ते गाव आहे. गडचिरोली जिल्ह्यात." आणि सगळं सांगितलं. होडी, धावपट्टीवरचे तंबू, नाव नसलेला भाऊ, नांगर, बदक, फळा काळा, ऑर्गनवाले मास्तर, त्यांच्या नावासकट. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मध्येच घड्याळ पाहिलं. आयोजक बाईंनी खूण केली, आवरा. मी आवरलं नाही. सरला ऐकत होती आणि दोताऱ्यावरची साडी एका हाताने सोडत होती.

मग मी तुझ्या फोटोकडे वळलो. माइक चालूच होता.

"निरापद, कलकत्ता माझं होतं, तुझं नव्हतं. तुझ्या गावाला मी हसलो आणि लोकांना हसवलं. तू बोलत होतास तेव्हा मध्ये बोललो. वाघोलीला यायला हवं होतं, आलो नाही. माझं चुकलं. सरलाताई, तुमच्या दादाचं गाव मी त्याच्या तोंडातून काढून घेतलं. माझं चुकलं."